पहिल्या रॅलीला आलेला माणूस पेपरमध्ये कुठे जातो?

पीएच.डी.च्या मुलाखतीत किंवा सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "आधीच्या संशोधनात तुम्हाला काय कमी वाटलं?" यावर बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "सर, या विषयावर महाराष्ट्रात काम झालेलं नाही." हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. फक्त जागा बदलली म्हणून संशोधनाचा प्रश्न नवा होत नाही. जुन्या पेपरला जे दिसलंच नाही, ते नव्या जागेत दिसतं का, हे सांगता आलं पाहिजे. आज एक गाजलेला पेपर घेऊन हे कसं करायचं ते बघू.

पेपर सामाजिक शास्त्राच्या पद्धतीचा आहे आणि माझं काम रसायनशास्त्रातलं. तरीही मुद्दाम हाच घेतलाय. कोर्सवर्कला 'संशोधन पद्धती' सगळ्यांना असते. त्यातलं गुणात्मक संशोधनाचं प्रकरण आपण सायन्सवाले परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो. "आकडेच नाहीत, मग तपासायचं काय?" असा आपला समज असतो. तपासण्यासारखं पुष्कळ असतं.

पेपर काय म्हणतो

जॉन शाउटन आणि जेम्स मॅकअलेक्झांडर यांचा हा पेपर १९९५ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये आला. विषय हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींचे मालक. लेखकांनी ३ वर्षं फील्डवर्क केलं. प्रश्नावली वाटून परत आले असं नाही. मालकांच्या मेळाव्यांना गेले, त्यांच्यात राहिले, स्वतः हार्लेवाले झाले. या पद्धतीला एथ्नोग्राफी म्हणतात. लोकांच्या जगात दीर्घकाळ राहून, त्यांच्या नजरेनं ते जग समजून घ्यायचं आणि मग लिहायचं.

त्यांचा मुख्य दावा साधा आहे. ग्राहक समजून घ्यायला वय, उत्पन्न, वर्ग असे जन्मानं किंवा परिस्थितीनं चिकटलेले गट पुरत नाहीत. माणसं एखाद्या वस्तूभोवती, अगदी एखाद्या ब्रँडभोवतीही, स्वतःहून गोळा होतात. त्या गटाची मूल्यं, पोशाख, विधी, उतरंड असं सगळं तयार होतं. याला त्यांनी 'उपभोगाची उपसंस्कृती' म्हटलं. हार्लेवाल्यांच्या मूल्यांत त्यांना व्यक्तिस्वातंत्र्य, अमेरिकन अभिमान आणि मर्दानगी ठळक दिसली. उतरंड ठरते ती निष्ठेवर. कोण किती मुरलेला, हे बाकीचे ओळखतात.

नवख्याचा प्रवास ते टप्प्यांत सांगतात. आधी तो बायकर असण्याची ओळख अंगावर घालून बघतो. मग गटाशी नातं जोडतो, त्यांच्यासारखं वागू लागतो. शेवटी ती ओळख त्याच्या आतच मुरते. पहिल्या रॅलीला बिचकत आलेला माणूस काही वर्षांत दुसऱ्या नवख्याला शिकवू लागतो.

आधी चांगलं काय ते

टीका म्हणजे दोष काढणं नव्हे, हे आधी पक्कं करू. या पेपरचं मोठं बळ म्हणजे संशोधक बाहेरचे होते आणि हळूहळू आतले झाले, हा प्रवास ते लपवत नाहीत. उलट तोच आपल्या पद्धतीचा कणा म्हणून मांडतात. दुसरं बळ म्हणजे त्यांची कल्पना इतरांनी पुढे वापरली, वाढवली. २००१ साली अल्बर्ट मुनीझ आणि थॉमस ओ'ग्विन यांनी 'ब्रँड कम्युनिटी'वर लिहिलं आणि तीन खुणा सांगितल्या: आपण एका जातकुळीचे ही जाणीव, सामाईक विधी-परंपरा, आणि एकमेकांबद्दलची नैतिक जबाबदारी. रस्त्यात बंद पडलेली आपल्या ब्रँडची गाडी दिसली की थांबायचं, ही तिसरी खूण. बुलेटवाल्यांत किंवा येझ्दीवाल्यांत वावरलेल्या कुणालाही ती लगेच पटेल.

आता प्रश्न विचारू.

पहिली शंका: टप्पे कुणाला विचारून लिहिले?

तिकोणा किल्ला बहुतेकांनी केलेला असेल. कामशेतवरून पवनानगरमार्गे तिकोणा पेठेत यायचं आणि तिथून चढायला लागायचं. शेवटच्या टप्प्यात दगडात खोदलेल्या उंच, उभ्या पायऱ्या लागतात. आता समजा, 'तिकोणा चढायला किती अवघड?' यावर तुम्हाला सर्वेक्षण करायचंय आणि तुम्ही वर महादेवाच्या देवळापाशी बसून येणाऱ्याला विचारताय. बहुतेक जण म्हणतील, "पायऱ्यांवर जरा दम लागतो, पण जमतं." उत्तर खरं आहे. फक्त पायऱ्या बघून मागे फिरलेला माणूस तुमच्यासमोर नाही. तो खाली पेठेत चहा पीत बसलाय.

याला संख्याशास्त्रात टिकून राहिलेल्यांचा कल म्हणतात. इंग्रजीतलं 'सर्व्हायव्हरशिप बायस' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९९५च्या पेपरमधल्या टप्प्यांना मी हाच प्रश्न विचारते. सगळा आधार हार्लेवाल्यांच्या सहवासाचा आहे, म्हणजे टिकलेल्यांचा. एका रॅलीनंतर ज्याचा उत्साह मावळला, ज्यानं गाडी विकून टाकली, ज्याला आल्याआल्याच परकं वाटलं, तो या वर्णनाचा पाया नाही. म्हणून नवख्याचा प्रवास वाचताना तो जणू ठरलेलाच वाटतो: आधी हे, मग ते, मग ते. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर गळती असणार. किती आणि का, हे टप्पे सांगत नाहीत.

पेठेतली एक रविवार-नोंद

हे कोरडं वाटू नये म्हणून माझ्या वहीतली एक नोंद सांगते. ही नोंद पुरावा म्हणून घेऊ नका. प्रश्न कुठून सुचतो एवढंच तिच्यातून दिसतं.

माझ्या मामेभावानं नवी जावा घेतली. पावसाळ्यात जावा-येझ्दीवाल्यांची एक छोटी भेट तिकोणा पेठेत होती. नाव नाही, बॅनर नाही. ओळखीओळखीतून जमलेले पंचवीस-तीस जण. त्याची ही पहिलीच वेळ. मी मागे बसून गेले.

थोडी पार्श्वभूमी. म्हैसूरच्या 'आयडियल जावा' कंपनीनं १९६१ पासून इथे जावा बनवली, पुढे १९७३ पासून तीच गाडी येझ्दी नावानं आली. कारखाना १९९६ साली बंद पडला. मग २०१८ मध्ये 'क्लासिक लेजंड्स' या महिंद्राच्या उपकंपनीनं जावा हे नाव पुन्हा बाजारात आणलं, २०२२ मध्ये येझ्दीही आली. टाकीवरचं नाव तेच, पण आत सगळं वेगळं. जुनी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी. किक आणि गिअर एकाच लिव्हरवर. नवी फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड.

भाऊ गाडी लावून उभा राहिला. तीन जण येऊन गेले. तिघांचा पहिला प्रश्न एकच: "कधीची?" त्यानं साल सांगितलं की "अच्छा, नवी" म्हणून हसून पुढे. कुणी वाईट वागलं नाही. एका काकांनी तर त्याला आपल्या जुन्या गाडीवर किक मारायला दिली, ती लिव्हर आत दाबून मागे कशी वळवायची ते दाखवलं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा दोघंही खूश. परत येताना भाऊ म्हणाला, "माझीच गाडी मला पाहुण्याची वाटली गं."

पुढच्या भेटीला तो गेला नाही. शाउटन-मॅकअलेक्झांडर यांच्या चौकटीत बसवायचं तर आपण लिहिणार: ओळख अंगावर घालून पाहिली, नातं जुळलं नाही, निष्ठा कमी पडली. मी त्याला विचारलं. म्हणाला, "रविवारी शिफ्ट लागली." चाकणला नोकरी, आठवड्याची सुट्टी फिरती. त्याच्यापुढच्या भेटीलाही शिफ्टच.

आता त्याला पाहुण्यासारखं वाटलं हेही खरं आणि शिफ्ट लागली हेही खरं. न येण्याचं कारण यातलं कुठलं? पाहुण्यासारखं वाटलं नसतं तर त्यानं शिफ्ट बदलून घेतली असती का? मला माहीत नाही, आणि त्यालाही नक्की सांगता येईना. पण जो फक्त रॅलीत उभा राहून नोंदी घेतो, त्याला हा प्रश्न पडतच नाही. त्याच्यासाठी माझा भाऊ यादीतून नाहीसा झालेला एक माणूस. आणि 'निष्ठा' या शब्दाखाली फिरती सुट्टी, पेट्रोलचा खर्च, घरची जबाबदारी असं बरंच काही नकळत झाकलं जातं. सुट्टी हातात असणं ही काही मनोवृत्ती नाही. जन्मानं-परिस्थितीनं चिकटलेले गट पेपरनं पुढच्या दारानं बाहेर काढले, ते असे मागच्या दारानं आत येतात.

दुसरी शंका: आधी आणि नंतर, पण कशाच्या तुलनेत?

याच दोघांनी हॅरल्ड कोनिग यांच्याबरोबर २००२ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये पुढचा पेपर लिहिला. इथे नुसतं निरीक्षण नाही, मोजमापही आहे. जीप कंपनीच्या 'कॅम्प जीप' या मेळाव्याला येणाऱ्या मालकांना आधी आणि नंतर प्रश्न विचारले. चार नाती मोजली: ग्राहकाचं वस्तूशी, ब्रँडशी, कंपनीशी आणि इतर ग्राहकांशी. निष्कर्ष असा की असे मेळावे भरवून कंपनीला ही नाती घट्ट करता येतात.

नवख्याला आधी विचारलं, ही मोठी सुधारणा. आपण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर नमुना लावायच्या आधी ब्लँक घेतो. ब्लँक नसेल तर पुढचं रीडिंग कशाचं आहे ते सांगता येत नाही. माणसाच्या बाबतीत हा ब्लँक एकदाच मिळतो. पहिली रॅली झाली की तो माणूस नवखा उरत नाही, त्याला पुन्हा नवखं करता येत नाही. म्हणून 'आधी'ची नोंद अनमोल.

पण कंट्रोल कुठे आहे? मेळाव्याला न गेलेल्या, तशाच गाडीच्या मालकांचा गट शेजारी नसेल, तर वाढलेला आकडा मेळाव्यामुळेच वाढला असं ठामपणे म्हणता येत नाही. सुट्टी मजेत गेली की माणूस सगळ्याबद्दलच चांगलं बोलतो. शिवाय नोंदणी करून, पैसे आणि दिवस खर्चून येणारा आधीच अर्धा राजी असतो. आणखी एक सापळा ध्यानात ठेवा. सुरुवातीला खूप कमी गुण देणाऱ्यांना वेगळं काढून पुन्हा मोजलं, तर काहीही न करता त्यांची सरासरी थोडी वर सरकते, कारण पहिल्या वेळच्या कमी आकड्यात थोडा योगायोगही असतो. 'सर्वांत उदासीन लोकांत सर्वांत जास्त फरक पडला' असं कुठेही वाचलं की आधी हे तपासा.

तिसरी शंका: बघणारा कोण?

आतला माणूस होणं ही ताकद आहे, हे वर म्हटलं. पण आतला म्हणजे कुठल्या दारानं आत गेलेला? दोन पुरुष संशोधक हार्लेवर बसून आत गेले, तर त्यांच्यासमोर पुरुष हार्लेवाल्यांचं जग उघडणार. मर्दानगी हे मूल्य ठळक दिसणार आणि बायका बहुतेक मागच्या सीटवर दिसणार.

हा आरोप मी हवेत करत नाहीये. २००६ साली डायन मार्टिन यांनी याच दोघांबरोबर हार्लेवाल्यांच्या त्या अभ्यासाची स्त्रीवादी फेरतपासणी केली. स्वतः गाडी चालवणाऱ्या स्त्रिया, त्यांची कारणं, त्यांचे अनुभव आणि बाई असण्याचे त्यांचे वेगवेगळे अर्थ असं मूळ कामात न आलेलं जग त्यातून पुढे आलं. मूळ लेखक स्वतः या फेरतपासणीत सहलेखक आहेत. ११ वर्षांनी आपल्याच गाजलेल्या कामातलं न दिसलेलं शोधायला बसणं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. गाईडबरोबर काम करताना हे उदाहरण जवळ ठेवा.

पेठेत त्या दिवशी एक ताई स्वतःची येझ्दी चालवत एकट्या आल्या होत्या. त्यांना "कधीची?" कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "मिस्टर मागून येतायत का?" एकाच रॅलीत दोन नवखे, दोघांची परीक्षा वेगळी. एकाला गाडीचं वय सिद्ध करायचं, दुसरीला गाडी आपली आहे हेच सिद्ध करायचं. ज्याला यातला कुठलाच प्रश्न विचारला गेला नाही, त्या संशोधकाच्या वहीत परीक्षा असते हेच येणार नाही.

चौथी शंका: चार नात्यांत न मावणारं

२००२च्या चौकटीत एक कोपरा कंपनीचा आहे. जावा-येझ्दीचं काय करायचं? १९९६ ते २०१८ अशी २२ वर्षं तो कोपरा रिकामा होता. तरीही मालक जमत राहिले. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझ्दी दिवस साजरा होतो. कंपनी नसताना समुदाय टिकतो, हे नंतरच्या संशोधनालाही दिसलं. मुनीझ आणि होप शाउ यांनी २००५ मध्ये ॲपलनं बंद केलेल्या 'न्यूटन' या उपकरणाच्या निष्ठावंतांवर लिहिलं. पण आपल्याकडची गोष्ट त्याच्याही एक पाऊल पुढे जाते. इथे कंपनी गेली, समुदाय राहिला, आणि मग दुसरीच कंपनी तेच नाव घेऊन आली. आता नवखा कोण? शोरूममधून नवी जावा घेतलेला तरुण, की २२ वर्षं सांभाळलेल्या जुन्या लोकांच्या घरात आलेली ही नवी कंपनी? "कधीची?" हा प्रश्न माझ्या भावाला विचारला गेला, पण तो कदाचित त्याच्यासाठी नव्हताच. निष्ठेच्या एकाच उतरंडीत हे बसत नाही. हा खरा 'रिसर्च गॅप', आणि तो महाराष्ट्रातच काय, मुळात जागेवर अवलंबूनच नाही.

दुसरं, या चारही नात्यांत ते गावच नाही जिथे रॅली थांबते. जुलैत मावळात भातलावणी असते. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली की पॉवर टिलर घेऊन शेताकडे निघालेला माणूस थांबून राहतो. भजी-चहाच्या टपरीवरच्या मावशींना तीच रांग कमाईची वाटते. "बोलून-चालून बरी असतात पोरं," त्या म्हणाल्या, "पण आवाज फार करतात, दुपारी लेकरू निजत न्हाई." ग्राहक-ब्रँड-कंपनी असं मोजणाऱ्याला मावशी दिसणार नाहीत, कारण त्या ग्राहक नाहीत. पण पुढच्या वर्षी पेठेत रॅलीचं स्वागत होणार की वाट अडवली जाणार, हे त्यांच्या मतावरही ठरणार.

मग आपण काय करायचं?

समजा तुम्हाला अशाच विषयावर काम करायचंय. माझ्या मते किमान चार गोष्टी आराखड्यात असाव्यात.

एक, पहिल्यांदा येणाऱ्यांची वेगळी यादी, आणि त्यांच्याशी बोलणं रॅलीच्या *आधी*. संमती तेव्हाच घ्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन करणार हेही तेव्हाच सांगा.

दोन, पुन्हा न आलेल्यांना शोधणं. हे काम कंटाळवाणं असतं, फोन उचलले जात नाहीत. पण १० टिकलेल्यांच्या मुलाखतींपेक्षा ३ गळालेल्यांच्या मुलाखती कधीकधी जास्त सांगतात.

तीन, न येण्याचं कारण विचारताना 'आवड' आणि 'सवड' हे दोन वेगळे रकाने. दोन्हीत खूण आली तर येऊ द्या. जबरदस्तीनं एक निवडायला लावू नका.

चार, स्वतःबद्दल अर्धं पान: मी कुणाच्या ओळखीनं गेले, कुठल्या गाडीवर, मला पहिला प्रश्न काय विचारला गेला. हे आत्मचरित्र नाही, उपकरणाचं कॅलिब्रेशन आहे.

माझा निवाडा सांगायचा तर १९९५चा पेपर जरूर वाचा, शक्य असेल तर पूर्ण वाचा. माणसं वस्तूभोवती जमतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे त्यानं ज्या बारकाईनं पाहिलं त्याला तोड नाही. पण तो टिकलेल्यांचा इतिहास आहे, हे समासात लिहून ठेवा. त्याच्या शेजारी २००६चा पेपर ठेवा, म्हणजे एकाच मैदानाकडे दुसऱ्या जागेवरून बघितलं की काय बदलतं ते कळेल.

पुढच्या वेळी कुठलाही पेपर हातात आला की निष्कर्षाकडे जायच्या आधी सॅम्पलचा परिच्छेद काढा आणि पेन्सिलीनं कडेला एवढंच लिहा: 'यात कोण येऊ शकलं नसतं?' त्याखाली तीन नावं सुचली, तर मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार आहे.